आपोआप काहीच जळत न्हाई

चाचांच्या क्लासला प्रवेश घ्यायचा तर घरातली एक जळालेली वस्तू घेऊन जावी लागे. मार्कशीट ते बघत नसत. दहावीला मला किती टक्के पडले हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला आणि विचारलं, "काय आणलं?" मी ओढणीत गुंडाळून आणलेला मिक्सर पुढे केला. आमच्या आईनं शेंगदाण्याची चटणी करताना त्याचा धूर काढला होता. पण विचारलंच तर आपोआप जळाला असं सांग, असं मला घरून पक्कं पढवून ठेवलं होतं.

"कावून जळला?" चाचांनी विचारलं.

"आपोआप," मी म्हणाले.

त्यांनी मिक्सर उलटा केला, खालून वास घेतला, नखानं काहीतरी खरवडलं. मग म्हणाले, "आपोआप काहीच जळत न्हाई बेटा. अर्धा किलो शेंगदाणा एका टायमाला घातला, वरून झाकण दाबून धरलं. आईला सांग, थोडा थोडा घालायचा." एवढं बोलून त्यांनी तारेचं एक रिकामं रीळ पायानं माझ्याकडे ढकललं. त्यावर बसायचं. झाला माझा प्रवेश.

गेवराईला मोंढ्यामागच्या गल्लीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरण्यांच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं, चालवून बघायचं. शेतकरी त्यांना मिस्त्री म्हणत आणि आम्ही चाचा. सर म्हटलेलं त्यांना खपत नसे. शाळेतला पगार मला न्हाई, मग सर कावून, असं ते म्हणायचे. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस वडिलांच्या दुकानात बसला, पण पुस्तकं त्यानं सोडली नाहीत, एवढीच त्यांची हकिकत आम्हाला माहीत होती. त्यापेक्षा जास्त विचारलं तर ते पक्कड मागायचे.

विद्यार्थी सातच. कारण रिकामी रिळं सातच होती. ज्यांच्या घरी ऐपत होती ती पोरं दहावी होताच महागड्या क्लाससाठी लातूरला नाहीतर थेट राजस्थानात गेली. उरलेल्यांत ज्यांना इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं वेड होतं असे आम्ही सात जण सकाळी साडेसहाला त्या वार्निशच्या वासात बसायचो. मी उमापूरहून पहिल्या एसटीनं यायची. फळा नव्हता. चाचा शटर आतून ओढून घेत आणि त्यावरच खडूनं लिहीत. पत्र्याच्या पन्हाळीवर वर्तुळ काढलं की ते रताळ्यासारखं दिसे. साडेनऊला गिऱ्हाईक बाहेरून शटर बडवायला लागलं की चाचा ते उचलत आणि आमचं अर्धं गणित गुंडाळून वर जाई. दुसऱ्या दिवशी शटर खाली आलं की गणितही खाली येई, आणि चाचा जिथं थांबले होते तिथून पुढे सुरू करत. कधीकधी मला वाटे, संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर ते गणित अंधारात एकटंच बसलं असेल.

केमिस्ट्री ते शिकवत नसत. ते पाठांतर हाय, घरी करा, एवढंच त्यांचं त्या विषयावरचं मत. उत्तर बरोबर आलं तर शाबासकी मिळत नसे. "चालू हाय," असं म्हणून ते पुढच्या पोराकडे वळत. दोन वर्षांत माझं सगळ्यात मोठं कौतुक झालं ते म्हणजे एकदा ते म्हणाले, "आवाज करत न्हाई." चांगल्या मोटारीबद्दल ते हेच म्हणायचे, त्यामुळे मी तो दिवस हवेत होते.

तालुक्यातले एक पुढारी आपल्या मुलाला घेऊन पांढऱ्या गाडीतून आले होते. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, की मिस्त्री, रिझल्टची गॅरंटी काय देता? चाचा तार ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "मोटारीची सहा महिने देतो साहेब. पोराची तुमी द्या." पुढारी हसले, पण पोराला घेऊन गेले. तसंही आठवं रीळ नव्हतंच.

चाचांच्या शिकवण्याचा सगळा जीव एका जाड, पुठ्ठ्याच्या वहीत होता. सरावाचा पेपर झाला की बरोबर आलेल्या प्रश्नांकडे ते ढुंकून बघत नसत. "चुकलेलं आणा," म्हणायचे. मग प्रत्येक चुकीचं कारण शोधायचं आणि त्या वहीत आपल्या नावाच्या पानावर लिहायचं. कारण सापडेपर्यंत पुढचा पेपर मिळत नसे. आमच्यातल्या एकानं एकदा, सिली मिस्टेक झाली चाचा, असं म्हटलं. चाचांनी त्याला एक जळालेला पंखा दिला आणि सांगितलं, याचीबी सिली मिस्टेक झालीय, शोध. पोरगं तीन दिवस त्या पंख्याशी झटत होतं. चौथ्या दिवशी त्याला पंख्याचं कारण सापडलं आणि आपलंही सापडलं. तो ऋण चिन्ह कंसाबाहेर काढताना पुढची ओळ वाचायला लागायचा. त्यानंतर सिली हा शब्द आमच्यात कोणी उच्चारला नाही.

त्या वहीच्या मागच्या बाजूनं चाचा स्वतः काहीतरी लिहीत. उर्दूत, उजवीकडून डावीकडे. आम्ही पुढून मराठीत भरत यायचो आणि ते मागून. गिऱ्हाइकांची नोंद असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

पेपर सोडवायची त्यांची एक रीत होती, आणि ती निदान माझ्या तरी अंगात भिनली होती. आधी पेपरभर नजर फिरवायची. येणारं आधी करायचं, अडणारं सोडून उडी मारायची, मग मागं यायचं. प्रश्न पक्का झाला की त्याच्या आकड्यावर लाल ठिपका द्यायचा. हा लाल ठिपका दुकानातलाच. मोटार भरून, चालवून, पक्की झाली की तिच्या कवचावर चाचा लाल ऑइल पेंटचा ठिपका देत. भिंतीपाशी लाल ठिपक्याच्या मोटारी ओळीनं उभ्या असत. लाल म्हणजे झालं, घेऊन जा. सगळ्या तालुक्याला ते ठाऊक होतं.

दुसरी त्यांची सवय म्हणजे कंपनीच्या सूचनांचा त्यांना मनस्वी राग. नव्या मोटारीबरोबर माहितीची पुस्तिका आली की ते ती चहाच्या गाड्यावर पाठवून देत, भजी बांधायला. त्यामुळे परीक्षा कॉम्प्युटरवर असते, एकदा कॉम्प्युटरवर बसून बघू का, असं मी विचारलं तेव्हा ते चिडले. "सवाल तोच हाय ना? मग कागद काय नि काच काय," असं म्हणाले. आणि पडद्यावर आधी सूचनांची पानं येतात ती वाचत बसू नका, डोकं ताजं असतं तवर सवालाला भिडा, असंही बजावलं. चाचा म्हणाले म्हणजे झालं, अशी माझी तेव्हा श्रद्धा होती.

आता माझ्या घरचं सांगायला हवं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, कापसाचे शेतकरी, बोलायला कमी आणि शब्दाला पक्के. त्यांनी मला सांगितलं होतं, की बारावीचं हे एक वर्ष तुझं. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज लागलं तर कुठंही जा, मी सोडायला येईन. न्हाई लागलं तर ड्रॉप घेऊन आणखी एक वर्ष नाही, लातूर नाही. मग केजच्या मामानं आणलेल्या स्थळाचा विचार करू. स्थळ वाईट नव्हतं, मुलगा तलाठी होता. पण मला तलाठ्याच्या मोटारसायकलवर मागं बसायचं नव्हतं, मला मोटार करायची होती. परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, आणि दोन्हींतला चांगला निकाल धरायचे. माझी सगळी मदार जानेवारीवर होती, कारण एप्रिलपर्यंत मामा दम धरील याची खात्री नव्हती.

जानेवारीत बीडला मी पेपर दिला. इतका सुंदर गेला, की बाहेर येऊन मी अण्णांना सांगितलं, पेढे घेऊनच घरी जाऊ. अण्णांनी घेतलेसुद्धा. निकाल लागला आणि शंभरातले एकसष्ट पर्सेंटाइल. सरावाला मी नव्वदीच्या खाली कधी आले नव्हते.

कॉलेजातले सर म्हणाले, घाबरली असशील, खेड्यातल्या मुलींचं होतं असं. मामा म्हणाला, झेपंल तेवढंच उचलावं. एप्रिलचा फॉर्म भरायची मुदत आठवड्यावर आली होती. तो भरायचा विषय कोणी काढेना. मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की आपण बहुतेक घाबरलोच असू, आपल्यालाच कळलं नसेल.

निकालापासून मी क्लास बुडवत होते. शेवटी एक दिवस साडेनऊनंतर चाचांकडे गेले ती रडवेलं तोंड करूनच. त्यांनी निकाल विचारलाच नाही. "चुकलेलं आण," म्हणाले. आपण कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं याची प्रत वेबसाइटवर मिळते, ती मी छापून नेली होती. चाचांनी ती बाकावर पसरली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेक ओळ बोट ठेवून बघितली. चुकलेली उत्तरं अगदी थोडी होती. पण एकामागून एक प्रश्नापुढे लिहिलं होतं, उत्तर दिलेलं नाही.

"घाबरलेला माणूस भलतं उत्तर देतो. इतकं कोरं सोडत न्हाई," ते म्हणाले. मग त्यातला एक प्रश्न पुढे करून विचारलं, हे येत होतं? मी तिथंच सोडवून दाखवला. पुढचा दिला, तोही सोडवला. असे सात-आठ झाल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि शटर खाली ओढलं. "पडदा कसा दिसत होता, काढ."

मी शटरवर चौकोन काढला. डावीकडे प्रश्न. उजवीकडे आकड्यांची ओळ, त्यातल्या आकड्यावर माउस दाबला की तो प्रश्न यायचा. खाली एक बटण होतं, जतन करून पुढे जा असं. ते मी दाबलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लागूनचा प्रश्न करायचा असेल तेव्हा दाबलं. पण तुम्ही तर उड्या मारायला सांगितलं होतं. मग उत्तराला टिचकी मारली, की मी थेट हव्या त्या आकड्यावर जायची. तसं करताना मागचा आकडा रंग बदलायचा. मी खडूच्या डब्यातून लाल खडू घेतला आणि एकेक आकडा रंगवायला लागले. दहा-बारा रंगवून झाले तेव्हा चाचांनी विचारलं, "लाल कशाला?"

"झालेले," मी म्हणाले. "काही हिरवे पण होते. ते मला वाटलं कच्चे."

टमाटा असो की मिरची, हिरवं कच्चं आणि लाल पिकलेलं, एवढं कोणालाही कळतं. पडद्यावर लाल वाढत गेलं तशी मी खूश होत गेले होते. बटण न दाबता उडी मारल्यानं उत्तर जतन झालं नाही, हे सांगायला मशीन तो आकडा लाल करत होतं; जतन झालेलं तेच हिरवं. सूचनांच्या पहिल्याच पानावर ते चित्रासकट लिहिलेलं असतं. ते पान वाचायला लागणारा वेळ परीक्षेत मोजतही नाहीत. आमच्या सातांतले बाकी सगळे एकापाठोपाठ एक प्रश्न सोडवत गेले, म्हणून निभावले. चाचांचं शब्द न शब्द ऐकणारी मी एकटीच होते.

चाचा शटरकडे बघत होते. मग त्यांनी वळून भिंतीपाशी उभ्या असलेल्या मोटारींकडे पाहिलं. लाल ठिपके ओळीनं. बाहेर गिऱ्हाइकानं शटर बडवलं तरी ते हलले नाहीत. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं आणि मला आतून फार वाईट वाटलं. त्यांनी वही काढली. मी माझं पान उघडायला हात पुढे केला तर त्यांनी वही फिरवली आणि मागच्या बाजूनं उर्दूत दोन ओळी लिहिल्या.

त्याच दिवशी दुकान बंद करून ते माझ्याबरोबर एसटीत बसले. बाजाराचा दिवस होता, गिऱ्हाइकं तिष्ठत होती. एरवी सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही ते दुपारनंतर गेले होते. अण्णा ओट्यावर होते. चाचांनी पाणीही घेतलं नाही. छापलेली प्रत अण्णांपुढे ठेवली, आणि आठवीतल्या पोराला समजावावं तसं सगळं समजावून सांगितलं, लाल काय, हिरवं काय, बटण काय. शेवटी म्हणाले, "मोटार चांगली हाय भाऊ. जोडणी मी चुकवली. पोरीला एप्रिलला बसू द्या."

अण्णांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मिस्त्री, आमच्या बोअरची मोटार तुमी तीनदा भरली. तीनदाबी ती जळाली. एकदा तरी म्हणालात का, माझी चूक म्हणून?"

"त्या टायमाला नव्हती," चाचा म्हणाले. "तुमी तीन फेजची मोटार दोन फेजवर चालवता."

मला वाटलं, संपलं सगळं. पण अण्णा हसले. निकाल लागल्यापासून पहिल्यांदा. आणि मग आत वळून आईला म्हणाले, च्या टाक. फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला.

नंतरचे दोन महिने गेवराईनं जे पाहिलं ते अजून लोक सांगतात. साठीला टेकलेले चाचा रोज दुपारी चौकातल्या नेट कॅफेत जाऊन स्वतः सरावाची परीक्षा द्यायला लागले. तीन तास, मधे चहा नाही, विडी नाही. माउस ते पक्कडीसारखा मुठीत धरायचे. जितक्या चुका करता येतात तितक्या आधी स्वतः करून बघायच्या आणि मग आम्हाला बसवायचं, असा त्यांचा बेत होता. पहिल्या दिवशी वेळ संपला आणि पडदा आपोआप बंद झाला, तेव्हा ते कॅफेवाल्याशी भांडले. कॅफेवाला म्हणाला, आपोआप झालं चाचा, मी काय करू. त्यावर चाचा काय म्हणाले असतील ते सांगायला नको. सूचनांची ती पानं त्यांनी मला इतक्या वेळा मोठ्यानं वाचायला लावली की मला ती आजही तोंडपाठ आहेत.

आणि दुकानातला ठिपका बदलला. त्यांनी लाल डबा बंद केला आणि हिरवा आणला. शेतकरी आपल्या मोटारीवर लाल ठिपका शोधायचे आणि विचारायचे, मिस्त्री, अजून झाली न्हाई का? चाचा दर वेळी सगळी गोष्ट सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, चूक माझी होती. उमापूरच्या पोरीचा पेपर लालमध्ये गेला, हे अशा रीतीनं तालुक्यातल्या प्रत्येक विहिरीला समजलं. मला लाज वाटायची. चाचांना अजिबात वाटत नव्हती.

एप्रिलमध्ये मी शेवटच्या पाच मिनिटांत आकड्यांकडे पाहिलं तर शेतासारखं हिरवं होतं. मला हसू आलं आणि समोरच्या पर्यवेक्षक बाईंनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. निकाल लागला तेव्हा नव्वदीच्याही पुष्कळ वर गेले. सरकारी कॉलेज मिळालं, तेही परराज्यातलं, आणि इलेक्ट्रिकल. अण्णा शब्दाला जागून रेल्वेनं सोडायला आले. मामानं तलाठ्याला दुसरी मुलगी दाखवली. चाचांना सांगायला गेले, तर म्हणाले, "चालू हाय. चुकलेलं आणलं का?"

निघायच्या आधी मी धीर करून विचारलं, की मागच्या पानांवर तुम्ही काय लिहिता? चाचांनी आढेवेढे न घेता वही उलटी उघडली. गिऱ्हाइकांचं काहीच नव्हतं त्यात. सगळ्या त्यांच्या स्वतःच्या चुका होत्या. दुकानातल्या, शिकवण्यातल्या, घरातल्याही दोन-तीन, त्या त्यांनी वाचल्या नाहीत. माझी ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. "कागज अलग, काँच अलग. बच्ची का कसूर नै." तीसेक वर्षांची पानं होती ती.

आता मी पुण्याला एका कारखान्यात आहे. विजेच्या स्कूटरच्या मोटारी आम्ही तपासतो. गेल्या महिन्यात चाचणीच्या बाकावर एक मोटार जळाली. मोठी मीटिंग बसली. माल पुरवणाऱ्यांचा माणूस म्हणाला, कधीकधी कारण नसतं, होतं असं. सगळ्यांना ते पटायला आलं होतं, मलाही सोयीचं होतं. कारण उष्णता मोजायचा सेन्सर मी चुकीच्या जागी बसवला होता, आणि ते फक्त मला कळलं होतं. माझ्या कानात तो मिक्सर घुमायला लागला. मी हात वर केला आणि सांगून टाकलं. साहेबांनी ते टिपून घेतलं आणि पुढचा मुद्दा काढला. खाली बसताना जीव हलका झाला होता.

सुट्टीत गेवराईला उतरले ती घरी न जाता थेट दुकानात. शटर उघडं होतं, भिंतीपाशी हिरव्या ठिपक्याच्या मोटारी उभ्या होत्या. चाचा थकलेत, पण हात तसाच चालतो. मी रिळावर बसले आणि त्यांना मोटार जळाल्याचं सांगितलं.

"कावून जळली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सेन्सर कुठं बसवला, कुठं बसवायला हवा होता, आणि घाईत का बघितलं नाही, सगळं. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि वही काढली. पुठ्ठा उसवलाय, मधे कोरी पानं थोडीच उरलीत. पुढच्या बाजूला माझं जुनं पान होतं, ते मी उघडून द्यायला लागले.

"ते पोरांचं हाय," चाचा म्हणाले.

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, उलटी फिरवली, आणि मागच्या बाजूनं, उजवीकडून लिहायला सुरुवात केली. मला उर्दू वाचता येत नाही. पण त्यांच्या चुकीच्या बरोबर खाली माझी चूक आली, एवढं मला दिसलं.